लग्नाचा आकडा कुणी ठरवायचा?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, बस्ता बांधायला निघालेल्या कुटुंबांनी कापडाची दुकाने गजबजतात आणि घरोघर एकच हिशेब मांडला जातो. हाताशी तीन लाख आहेत, फार ओढून चार होतील. तेवढ्यात लग्न देखणे व्हावे, मुलामुलीची हौस पुरी व्हावी, पाहुण्यांनी नाव ठेवू नये आणि कार्य पार पडल्यावर कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये. या सगळ्या अपेक्षा एकदम पुऱ्या होतात का? होतात, असे आमचे मत आहे. पण काटकसरीच्या युक्त्या माहीत असून भागत नाही. युक्त्या बहुतेकांना ठाऊक असतात. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला ‘नको’ म्हणायची सोय नसते, ही खरी अडचण आहे, आणि साध्या लग्नाची कोणतीही चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

कायद्याकडे पाहिले तर लग्न ही फारच कमी खर्चाची गोष्ट आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला त्या त्या घरच्या रूढीप्रमाणे झालेले विधी हवे असतात. जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवस आधी दिलेली नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या एवढे पुरते. हॉल, जेवणावळ, वाजंत्री यांतले काहीही कायदा मागत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बजावले की हिंदू विवाह हा संस्कार आहे, तो नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे. मात्र त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की विधी न करता नुसते नोंदणीचे प्रमाणपत्र मिळवले तर त्या कायद्याखाली तो विवाह ठरत नाही. थाटमाट वजा केला तरी विधी उरतो, आणि तो मोजक्या माणसांतही तितकाच खरा असतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. सप्टेंबर १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नव्हता, वधूवरांनी एकमेकांना वचने दिली. लग्नापायी सावकाराच्या दारात जाणारा शेतकरी फुल्यांनी जवळून पाहिला होता. दीडशे वर्षांनंतर सावकाराच्या जोडीला पतसंस्थेचे कर्ज, सोनेतारण आणि मोबाइलवर मिनिटांत मिळणारे वैयक्तिक कर्ज आले आहे. दोन एकर कोरडवाहू रान असलेल्या बापाने मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज पुढच्या दोन-तीन हंगामांवर बसते, आणि एक पाऊस चुकला की व्याज मुद्दलाला गाठते. शहरातल्या नोकरदाराचे तेच कर्ज पगारातून हप्त्याहप्त्याने फिटते, पण तोवर नव्या जोडप्याच्या भाड्याच्या घराची अनामत रक्कम, धाकट्याच्या शिक्षणाची फी आणि आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मागे पडते. एका दिवसासाठी पुढची वर्षे गहाण टाकू नयेत, ही साध्या लग्नाची बाजू म्हणूनच भक्कम आहे.

तरीही दुसरी बाजू उथळ म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्या घरात वर्षानुवर्षे काटकसरच चालते, त्या घराला एक दिवस मांडव घालावासा वाटला तर त्यात वावगे काय? गरिबाने आपल्या मुलीच्या हळदीला हलगी वाजवू नये आणि सधनाने मात्र चार दिवस सोहळा करावा, असा उपदेश अन्यायाचा आहे. शिवाय लग्न हा देण्याघेण्याचा व्यवहारही असतो. ज्याने भावकीतल्या वीस लग्नांत पंगतीला बसून जेवण घेतले, शेजाऱ्यांकडून केळवणे घेतली, त्याच्यावर त्या माणसांचे ऋण असते. स्वतःच्या घरी कार्य निघाल्यावर त्यांना वगळणे त्याला जड जाते आणि ते जड जाणे योग्यच आहे. खेड्यात अजून चूलबंद आमंत्रण असते. त्या दिवशी त्या घरची चूल पेटू नये एवढ्या आपुलकीने बोलावलेल्या माणसांचा हिशेब फक्त ताटांच्या संख्येत मांडला तर काहीतरी निसटते.

तिसरी बाजू रोजगाराची. आचारी, वाढपी, मांडववाले, फुलवाले, बँडवाले, सनईवाले, हळदीच्या गाण्यांना जाणाऱ्या बायका, मेंदी काढणाऱ्या मुली, लग्नपत्रिका छापणारा छोटा छापखाना, अशा कितीतरी घरांचे वर्ष या काही महिन्यांच्या कमाईवर निघते. करोनाच्या काळात हे सर्वांनी पाहिले. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ माणसे व दोन तास इतकी खाली आली. त्या दिवसांत अनेक कुटुंबांची लग्ने थोडक्यात, दाराशी, शांतपणे झाली आणि कर्ज टळले. त्याच दिवसांत बँडपथकातल्या वादकांना आणि वाढप्यांना दुसरी मजुरी शोधावी लागली. आणि निर्बंध उठताच लग्ने पूर्वीच्या आकाराला परत गेली. साधेपणा वरून लादला गेला तेव्हा तो टिकला नाही, हा त्या काळाचा धडा आहे. माणसांनी तो आपणहून निवडावा लागतो.

मग तो निवडायला अडते कुठे? बोलणी कशी होतात ते पाहावे. १९६१ पासून हुंडा घेणे आणि देणे, दोन्ही गुन्हा आहे. म्हणून ‘हुंडा हवा’ असे सहसा कुणी उघड म्हणत नाही. म्हटले जाते ते असे: “आमचे काही मागणे नाही, लग्न तेवढे चांगले करून द्या.” या एका वाक्यात कार्यालय, जेवण, मानपान, वऱ्हाडाची गाडी, नवरदेवाचा पोशाख, जवळच्या सगळ्यांचे आहेर असे सगळे येते, आणि ‘चांगले’ म्हणजे किती याला मर्यादा नसते. वधूपिता तेव्हा हिशेब करत नाही, तो मुलीच्या पुढच्या आयुष्याची काळजी करत असतो. आज एका गोष्टीला नकार दिला तर उद्या तिला तिथे ऐकून घ्यावे लागेल, या भीतीने तो मान डोलावतो. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या खर्चाला अंदाजपत्रक कसले असणार? काटकसरीची उत्तम यादी त्याच्या हातात दिली तरी ती त्याच्या कामाची नाही, कारण त्या यादीतली प्रत्येक ओळ समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून आहे.

या कोंडीतून बाहेर पडायचे तीन मार्ग महाराष्ट्रात प्रत्यक्ष चालू आहेत. प्रत्येकाचे गुण आणि उणिवा सरळ पाहायला हव्यात.

पहिला मार्ग सामुदायिक विवाहाचा. एकाच मांडवात अनेक जोडप्यांची लग्ने लागतात, जेवणाचा आणि मांडवाचा खर्च वाटला जातो, संस्था भांडी आणि मंगळसूत्र देते. राज्य शासनाची शुभमंगल योजना सामुदायिक विवाहाबरोबर नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांनाही अनुदान देते. ज्या घरात खरोखर काहीच शिल्लक नाही त्याला हा मोठा आधार आहे. शिवाय चांगला आयोजक वयाचे दाखले तपासतो, त्यामुळे अठराच्या आतल्या मुलींची लग्ने अडतात. उणीव आहे ती सन्मानाची. काही सोहळ्यांत व्यासपीठ पुढाऱ्यांचे होते, भाषणे लांबतात, मुहूर्त टळतो आणि जोडपी उन्हात ताटकळत बसतात. नवरीच्या आजीला नात दिसतसुद्धा नाही. सामुदायिक विवाह तेव्हाच चांगला, जेव्हा त्यात प्रत्येक जोडप्याला स्वतःचा अंतरपाट, स्वतःची मंगलाष्टके आणि स्वतःच्या माणसांना जवळ बसायला जागा मिळते. भाषणे काढून टाकली तर एवढा वेळ सहज निघतो.

दुसरा मार्ग समाजाच्या आचारसंहितेचा. २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका हुंडाबळीच्या प्रकरणाने महाराष्ट्र हादरला. त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांत लग्नासाठी नियम ठरले: मोजकी माणसे, डीजे नको, प्रीवेडिंगच्या चित्रफिती मांडवात दाखवू नयेत, मानपानाला फाटा. अशा नियमांचा मोठा फायदा असा की वधूपित्याला एक आडोसा मिळतो. ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणताना जी मान खाली जाते, ती ‘समाजाने ठरवले आहे’ म्हणताना ताठ राहते. पण यात जोखीमही आहे. नियम पाळायची सक्ती गरिबावर होते आणि वजनदार माणसाला सूट मिळते, असे झाले की दोन हंगामांत नियम कागदावर उरतात. आणि कुणाच्या मुलीने कसे कपडे घालावेत, नाचावे की नाही, इथपर्यंत बैठका जाऊ लागल्या तर खर्चावरचा लगाम मुलींवरचा लगाम होईल. आचारसंहिता पैशापुरती असावी आणि ती पाळायला सुरुवात समाजातल्या सर्वांत सधन घराने करावी.

तिसरा मार्ग लोकांनी स्वतःच काढला आहे: साखरपुड्यातच लग्न. याद्या करायला पाहुणे जमतात, दोन्हीकडची वडीलधारी माणसे असतातच, भटजी असतात, जेवण असते. बोलणी पक्की झाली की त्याच मांडवात अक्षता पडतात. ‘यादी पे शादी’ म्हणून हे गावोगाव ओळखीचे आहे. दोन समारंभांचा एक समारंभ होतो आणि साखरपुडा ते लग्न या मधल्या महिन्यांत वाढत जाणारा खर्च वाढायला वेळच मिळत नाही. यातही एक उणीव आहे. सगळे एका दुपारी उरकताना मुलीला विचार करायला, मुलाशी नीट बोलायला अवधी मिळतोच असे नाही. खर्च वाचावा म्हणून संमती घाईची होऊ नये. दोघांची भेट आणि मनापासूनचा होकार आधी झालेला असेल, तर मात्र हा मार्ग आम्हाला तिन्हींत सर्वांत सरस वाटतो. तो कुणाच्या देणगीवर चालत नाही, त्याला कुणाची सक्ती लागत नाही, आणि त्यात घरच्यांचे लग्न घरचेच राहते.

आता हिशेबाकडे येऊ. लग्नाचा खर्च ठरतो तो मुख्यतः माणसांच्या संख्येवर. समजा जेवणाचे एक ताट ३५० रुपयांना पडते. ६०० माणसे म्हणजे दोन लाख १० हजार, २०० माणसे म्हणजे ७० हजार. दोहोंतला फरक एक लाख ४० हजारांचा. फुले स्वस्त आणून, पत्रिका साधी छापून, पोशाख भाड्याने घेऊन एवढे पैसे वाचत नाहीत. शिवाय माणसे कमी झाली की कार्यालय लहान चालते, मांडव लहान लागतो, आहेर कमी होतात. म्हणून पहिला प्रश्न ‘काय काय करायचे’ हा नसावा, ‘कोण कोण हवे’ हा असावा. ज्यांचे ऋण आहे त्यांना वगळायचे नसेल, तर त्यांना वेगळ्या दिवशी वेगळ्या रीतीने जेवू घालता येते. हळदीच्या आदल्या रात्री गावाला पिठले-भाकरी, नाहीतर पुरी-भाजी आणि बुंदी. लग्नाच्या दिवशी फक्त जवळची माणसे. चूलबंद आमंत्रणाचा मानही राहतो आणि मुख्य दिवसाचा खर्चही आवरतो.

जेवणात कसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हेही सांगण्यासारखे आहे. पदार्थांची संख्या कमी करावी, चव आणि वाढप यांत कमी करू नये. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, जिलेबी आणि मठ्ठा एवढे ताट पानात नीट वाढले, आग्रह केला, तर कोणीही उपाशी उठत नाही. स्टॉलवर चाट, चायनीज आणि आइस्क्रीम मांडून शेवटी जे अन्न टाकून दिले जाते, त्याचेही पैसे मोजलेले असतात. ताटावर ठेका देण्याऐवजी किराणा आपण भरावा आणि आचारी मजुरीवर लावावा, ही जुनी पद्धत अजूनही स्वस्त पडते. तिला भाजी चिरायला, वाढायला, भांडी मोजून घ्यायला घरची माणसे लागतात. ज्या घराला अशी माणसे आहेत त्याने ती पद्धत घ्यावी. ज्याला नाहीत त्याने ठेका द्यावा आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये.

वेळ आणि तिथी यांतही पैसा असतो. सकाळचा मुहूर्त घेतला तर रोषणाई आणि जनरेटर लागत नाही आणि दुपारच्या पंगतीनंतर कार्यालय रिकामे करता येते. वैशाखातल्या गर्दीच्या तारखेऐवजी मधल्या वारी लग्न ठेवले, किंवा ज्यांना चालते त्यांनी चातुर्मासातला काढीव मुहूर्त धरला, तर भाड्यात घासाघीस करता येते. देवस्थानांची आणि ग्रामपंचायतींची सभागृहे, शाळेचे मैदान, आळंदीसारख्या ठिकाणची छोटी कार्यालये हे पर्याय डोळ्यांआड करू नयेत. पण मधल्या वारी लग्न म्हणजे रोजंदारीवरच्या नातेवाइकांचा दिवस बुडतो, हेही लक्षात ठेवावे. आपली बचत दुसऱ्याच्या मजुरीतून होता कामा नये.

सोन्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. २०२५ मध्ये सोने दहा ग्रॅमला एक लाखाच्या वर गेले. दोन तोळ्यांचा ऐवज म्हणजे आता एका मध्यम लग्नाइतका खर्च. सोने ही मुलीची हक्काची पुंजी आहे, अडीनडीला तेच कामी येते, असे सांगणाऱ्या बायकांचा अनुभव खरा आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण ती पुंजी तिच्या हातात राहते का, हे कुणी विचारत नाही. लग्नात घातलेले दागिने सासूच्या कपाटात जातात, गरज पडली की नवऱ्याच्या धंद्यात जातात. म्हणून काळ्या मण्यांत दोन वाट्यांचे मंगळसूत्र घालावे आणि उरलेली रक्कम मुलीच्या एकटीच्या नावे बँकेत किंवा टपालखात्यात ठेवावी. समारंभापुरते दागिने हवे असतील तर भाड्याने मिळतात. वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवावी, अशी तरतूद हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत आहे. ती यादी प्रत्येक घराने करावी. मुलीच्या मालकीची लेखी खूण म्हणून तिचा उपयोग होतो.

आणि सौंदर्य? महाराष्ट्रातल्या लग्नाची शोभा फार थोड्या खर्चात उभी राहते, हे आपण विसरत चाललो आहोत. दाराला आंब्याचे तोरण, मांडवाला केळीचे खांब, हंगामातला झेंडू, उंबऱ्याशी रांगोळी. मुलीला मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री आणि तिला ती नेसवून गौरीहराजवळ बसवणारी मामी. कपाळाला मुंडावळ्या. मावश्या-आत्यांनी महिनाभर खपून मांडलेले रुखवत. अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन चेहरे आणि घरच्याच कुणीतरी आवाज लावून म्हटलेली मंगलाष्टके. कानठळ्या बसवणाऱ्या डीजेच्या भिंतींपेक्षा एक सनई आणि एक चौघडा त्या वातावरणाला अधिक शोभतो, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम मोडायची वेळही येत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीत कुणाचा तरी हात आणि वेळ गुंतलेला असतो. पैसा कमी असतो तिथे माणसांना काम द्यावे लागते, आणि काम दिलेली माणसे त्या लग्नाला आपले मानतात.

छायाचित्रांविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. प्रीवेडिंगच्या चित्रफितीवर केलेला खर्च सहज टाळता येतो. पण लग्नाच्या दिवशी एक चांगला छायाचित्रकार असावा. त्या दिवशी आजोबा हजर असतात, पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. सगळी हौस खोटी ठरवून कापत सुटले तर साधेपणा कोरडा होतो. प्रत्येक जोडप्याने आपल्याला खरोखर हवी असलेली एक हौस ठरवावी आणि ती मोकळ्या मनाने पुरी करावी. कुणाला पैठणी हवी असेल, कुणाला घोड्यावरून वरात. बाकीच्या दहा गोष्टी शेजारच्या लग्नात होत्या म्हणून करायच्या असतात. त्या सोडल्या की या एकीला पैसे उरतात.

सगळ्या बाजू तोलल्यावर आमचा कौल असा आहे. लग्न समारंभाने व्हावे, माणसे जमावीत, पंगत बसावी. मात्र त्यासाठी कर्ज काढू नये, आणि खर्चाचा आकडा तारखेच्या आधी, दोन्ही घरांनी एकत्र बसून, कागदावर लिहून ठरवावा. तो खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलावा. मुलगा आणि मुलगी कमावती असतील तर त्यांनीही त्यात आपला वाटा घालावा, म्हणजे कुठे थांबायचे हे सांगण्याचा अधिकारही त्यांच्याकडे येईल. खर्च करणारा आणि निर्णय घेणारा एकच असला की काटकसर कुणाला शिकवावी लागत नाही.

ही बैठक बोलावण्याची जबाबदारी आम्ही वरपक्षावर टाकतो. मुलीच्या बापाने ‘जरा कमीत करू’ म्हटले की तो चिक्कू ठरतो किंवा दुबळा. तेच शब्द मुलाच्या बापाने, किंवा त्याहून बरे म्हणजे खुद्द मुलाने उच्चारले, तर समोरच्या घरावरचे महिन्यांचे ओझे एका बैठकीत उतरते. त्याला त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. या लग्नसराईत ज्या घरी मुलाची बोलणी चालू आहेत, त्या घराने ‘लग्न चांगले करून द्या’ हे वाक्य टाकून ‘आपण मिळून किती खर्च करू शकतो ते आधी ठरवू’ असे म्हणावे. देखण्या लग्नाची तयारी तिथून सुरू होते.